जुन्या ट्रकला उसाचा हौदा बांधण्यापूर्वी



हंगामाच्या तोंडावर बरेच सभासद चौघांत मिळून जुना ट्रक घेतात आणि भोसरी किंवा चाकणला हौदा बांधायला सोडतात. टेल्कोचा (२००३ पासून टाटा मोटर्स) कारखाना पिंपरीत, त्यामुळे चासीची नस ओळखणारे कारागीर या पट्ट्यात आहेत, ही आपली सोयच. पण मिस्त्री विचारतो एकच, "किती लांब, किती उंच करू?" याचं उत्तर घरूनच ठरवून जावं.

ऊस जागा फार खातो, म्हणून हौदा लांबवायचा मोह होतो. नियमाप्रमाणे मागच्या आसापलीकडे निघालेला भाग दोन आसांमधील अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंतच चालतो. अंतर ४.२ मीटर असेल तर २.५२ मीटर. रुंदीची हद्द २.६ मीटर. मागे जास्त लोंबलं की चढाला पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग ऐकत नाही.

पासिंगचं एकूण वजन ठरलेलं असतं. हौदा जितका जड, तितका ऊस कमी. समजा जाड पत्र्याने अर्धा टन वाढला. हंगामात १५० खेपा धरल्या तर ७५ टन उसाचं भाडं बुडालं. उसाला पत्र्याच्या भिंती लागतातच कशाला? तळ मजबूत, बाजूंना काढता-घालता येणारे खांब आणि आडवे पाइप पुरेत. तळावर साखळ्या टाकायला जागा ठेवा, म्हणजे गव्हाणीवर क्रेनने ऊस उचलताना अडत नाही.

चासीला गंज, तडे आहेत का ते आधी पाहावं. तिच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू देऊ नये, वेल्डिंग मारू देऊ नये. तडा तिथूनच सुरू होतो. मध्ये लाकडी पट्टी घालून यू-बोल्टने आवळावं.

कागदाचं काम लोक शेवटी ठेवतात, ते आधी हवं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे बदलाला आर.टी.ओ.ची मंजुरी लागते, आणि काम झाल्यावर १४ दिवसांत कळवून पुस्तकात नोंद करावी लागते. गाडी रस्त्यात अडकली तर वरचा ऊस वाळतो, वजन सभासदाचं घटतं.

मागचे दिवे लोंबत्या उसाने झाकले जातात. पुणे-नाशिक रस्त्यावर रात्री मागून कंटेनर येतो, त्याला काही दिसत नाही. दिवे उसाच्या खाली, मोकळ्या जागी घ्या. चमकणाऱ्या पट्ट्या लावा. यात काटकसर नको.

कच्चा नकाशा घेऊन गट ऑफिसला आलात तर क्रेनशी मापं जुळवून देऊ. मात्र दिवाळीपूर्वी या. मोळी पडली की मिस्त्रीलाही सवड नसते, आम्हालाही.

– ऊस विकास अधिकारी