पावाविना मिसळ

‘पिष्ट कमी करा’ असे डॉक्टरांनी मधुमेह्याला बजावले, की पुण्यात त्याची खरी कसोटी उपाहारगृहात लागते. पोहे, उपमा, बटाटेवडा; फळ्यावर बहुतेक पिष्टच! उपवासही तारीत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट.

‘मी तर सडपातळ, मला कसली भीती?’ असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले छायाचित्र आठवावे. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२!

मग खावे काय? मिसळ मागवावी, पण पावाऐवजी मटकीची दुसरी वाटी घ्यावी, फरसाण वगळावे. सोबत काकडी नि ताक. मटकीतही पिष्ट असते, परंतु प्रथिने व चोथ्यामुळे त्याची साखर रक्तात सावकाश उतरते. घरी भाकरी अर्धी, पालेभाजी दुप्पट. इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. नाहीतर साखर एकाएकी घसरायची.

बाकी ‘पाव नको’ एवढेच वाढप्याला सांगायचे. आणि ‘नको’ म्हणायला पुणेकराला कुणी शिकवावे लागते काय?