मैदालकडी : सातपुड्यातील एक उपेक्षित वनस्पती

पांढुर्णा व सौंसर हा सातपुड्याच्या दक्षिण उतरणीवरील मराठीभाषक प्रदेश होय. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात मोडणाऱ्या या दोन तहसिलींचा २०२३ साली स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. सपाटीवर संत्र्याच्या बागा, तर डोंगरात सागाची पानझडी जंगले, असे येथील भूमीचे स्वरूप आहे. सातपुड्याच्या अशा जंगलांत, नाल्याकाठच्या सावलीत व ओल टिकणाऱ्या घळींत मैदालकडी वाढते.

दालचिनी, तमालपत्र व कापूर यांच्याच कुळातील ही वनस्पती असून तिचे शास्त्रीय नाव लिट्सिया ग्लुटिनोझा असे आहे. ती झुडूप अथवा लहान वृक्षाच्या रूपात आढळते. सभोवतालचा साग निष्पर्ण झाला तरी ती हिरवी राहते. पाने एकाआड एक, लांबट असून चुरगळल्यास सुगंध येतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पानांच्या बगलेत छत्रीसारखे फुलांचे लहान गुच्छ येतात. या फुलांना पाकळ्या जवळजवळ नसतात. दिसणारा पिवळसर रंग पुंकेसरांचा असतो. नरफुले व मादीफुले वेगवेगळ्या झाडांवर येतात. फळे वाटाण्याएवढी, पिकल्यावर जांभळट काळी होतात. पक्षी ती खातात व बियांचा प्रसार करतात.

सालीत चिकट द्रव्य असते. मुरगळ व मुका मार यांवर सालीचा लेप लावण्याची प्रथा आहे. उदबत्तीच्या लगद्यातही ती वापरतात. हा उपयोगच झाडाच्या मुळावर आला आहे. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतील थरातून मुळांपर्यंत पोचते. खोडाची साल सभोवार सोलली की मुळांची उपासमार होते व झाड वाळते. शिवाय एखाद्या घळीत केवळ नरझाडे किंवा केवळ मादीझाडे उरली, तर बी धरत नाही. मॉरिशस बेटावर हीच वनस्पती तणासारखी पसरली आहे. मध्य भारतात मात्र, आपल्या मूळ भूमीत, ती विरळ होत चालली आहे.

यास्तव साल घ्यावयाची असल्यास ती वन विभागाच्या नियमांनुसार, छाटलेल्या फांद्यांचीच घ्यावी. उभे खोड सोलू नये. तोडलेल्या बुंध्याला फुटवे येतात, त्यांचे चराईपासून रक्षण करावे. बियांची उगवणशक्ती लवकर नष्ट होते. म्हणून पिकलेल्या फळांतील बी गर काढून ताजेच पेरावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून परिसरातील नर व मादी झाडांची नोंद करवून घेतल्यास कोणती झाडे बियांसाठी राखावीत, हे गावास कळेल.