सीताखाई ते नवापूर स्टेशन: चहूबाजूंचा फोटो काढताना

जुलै २०२२ मध्ये गुगलने नकाशावर रस्त्यांचे चहूबाजूंचे फोटो दाखवणारे स्ट्रीट व्ह्यू भारतात नव्याने सुरू केले, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. नंदुरबार नव्हते, आणि त्यात नवल वाटण्यासारखेही काही नव्हते. टपावर कॅमेरा लावलेली गुगलची गाडी धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपर्यंत कधी पोहोचेल याची वाट बघण्यापेक्षा आपणच कॅमेरा घेऊन उभे राहिलेले बरे. साधा डीएसएलआर, तिपाई आणि बऱ्यापैकी संगणक एवढ्यावर काम सुरू होते. चिकाटी मात्र पुष्कळ लागते.

एका जागी उभे राहून चहूबाजूंचे, डोक्यावरचे आणि पायाखालचे सगळे फोटोंत टिपायचे आणि ते संगणकावर जोडायचे, की गोलाकार फोटो तयार होतो. आडवे ३६० अंश, उभे १८०. जोडलेली फाइल उंचीच्या दुप्पट रुंद असते. शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशात ग्रीनलंड फुगलेले दिसते, तसे तिच्यात आकाश आणि जमीन ताणलेली दिसते. गोल फोटो दाखवणाऱ्या ॲपमध्ये उघडली की तो ताण जातो आणि बघणारा थेट दृश्याच्या मधोमध उभा राहतो. हौस जुनीच आहे. रॉबर्ट बार्कर या आयरिश चित्रकाराने १७८७ मध्ये अशा वर्तुळाकार चित्राचे पेटंट घेतले आणि पुढे लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी गोल इमारत उभी केली.

नेहमीच्या फोटोत विजेचा खांब चौकटीबाहेर ठेवता येतो. इथे चौकटच नाही. खांबही येणार, खांबाखालचा कचराही येणार. त्यामुळे उभे कुठे राहायचे यावरच फोटो बरावाईट ठरतो.

नवशिक्याने सुरुवात तोरणमाळला करावी. शहाद्याकडून सातपायरी घाट चढून वर गेले की समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटरवर यशवंत तलाव लागतो आणि पुढे सीताखाईची खोल दरी. सीताखाईच का, तर तिथे जे बघायचे ते सगळे लांब आहे. एक डोळा मिटून अंगठा समोर धरा, मग दुसरा मिटा. अंगठा मागच्या भिंतीवर सरकल्यासारखा दिसतो. कॅमेरा तिपाईवर फिरवताना हेच होते. लेन्समध्ये प्रकाश ज्या बिंदूतून आत शिरतो तो बिंदू जागचा हलला, तर जवळची वस्तू दूरच्या पार्श्वभूमीवर सरकते आणि दोन फोटो जुळत नाहीत. साध्या तिपाईवर कॅमेरा आपल्या बुडाच्या स्क्रूभोवती फिरतो, तो बिंदू असतो पुढे लेन्समध्ये. दरीच्या दृश्यात एवढा फरक खपून जातो. कड्यापासून चार पावले मागे उभे राहावे. सुरक्षिततेसाठीही तेच बरे.

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ची लेन्स १८ मिलिमीटरवर ठेवून कॅमेरा उभा धरला, तर क्षितिजाच्या रेषेत बारा, पंचेचाळीस अंश वर दहा, तितकेच खाली दहा, एक थेट आकाशाचा आणि एक जमिनीचा असे चौतीस फोटो लागतात. आठ मिलिमीटरची फिशआय लेन्स असेल तर भोवती सहा, वर एक, खाली एक, की झाले. शेजारच्या दोन फोटोंत पाव ते तिसरा हिस्सा दृश्य सामाईक हवे. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस तिन्ही मॅन्युअलवर. कॅमेऱ्याला मोकळे सोडले तर सूर्याकडचा फोटो काळपट आणि पाठीकडचा पांढराफटक येतो, मग आकाशात पट्टे दिसतात.

दरी जमली की नवापूरला जावे. सुरत-भुसावळ मार्गावरचे हे स्टेशन दोन राज्यांत विभागलेले आहे: तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरांचे कार्यालय गुजरातेत, आणि सीमारेषेवर ठेवलेल्या बाकड्याचा अर्धा भाग या राज्यात, अर्धा त्या. चौकटीच्या फोटोत एका वेळी एकच बाजू नीट येते. बाकड्याजवळ काढलेल्या गोल फोटोत दोन्ही राज्ये एकत्र येतात. गोल फोटोसाठी नंदुरबार जिल्ह्यात याहून चोख जागा मला दिसत नाही. रेल्वेची परवानगी मात्र आधी काढायची.

इथे खांब, छप्पर, बाकडे सगळे हाताच्या अंतरावर. आता पॅनोरमा हेड हवे, म्हणजे कॅमेरा मागे सरकवून लेन्समधला तो बिंदू फिरण्याच्या अक्षावर आणणारे जोड. बिंदू शोधायची युक्ती सोपी आहे. खिडकीचा गज आणि दूरचा टॉवर एका रेषेत आणा, कॅमेरा डावी-उजवीकडे फिरवा. गज टॉवरपासून हलला तर कॅमेरा पुढेमागे करा. हलायचे थांबले की पट्टीवर खूण करून ठेवा. हेड परवडत नसेल तर गवंड्याचा ओळंबा घ्या: लेन्सला दोरी बांधून खाली वजन सोडा, जमिनीवर खडूची खूण करा, आणि प्रत्येक फोटोला वजन त्याच खुणेवर राहील असे स्वतः खुणेभोवती फिरा. हेडची सर येत नाही, पण उन्हात काम भागते.

मिरचीच्या पथाऱ्या हा वेगळाच मामला. दिवाळीनंतर नंदुरबारच्या आसपास लाल मिरची वाळत पडते तेव्हा उभे राहावे तिथून जमीन लालच दिसते. हा लाल रंग कॅमेऱ्याला झेपत नाही. हिस्टोग्राममध्ये लाल रेषा उजव्या कडेला आदळते आणि मिरचीचा पोत जाऊन नुसता डाग उरतो. एक स्टॉप कमी उजेड द्या आणि फोटो रॉमध्ये घ्या. मिरची खालीवर करणाऱ्या बाया सतत हलतात, म्हणून त्या दिशेला दोन-तीन जादा फोटो काढावेत. नंतर मास्क करून एकच बाई दोनदा दिसणार नाही असे बघता येते.

जोडण्यासाठी हगिन हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्याचा पाया हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकांनी १९९८ मध्ये तयार केलेल्या पॅनोरमा टूल्सचा. पीटीजीयूआय विकत घ्यावे लागते, पण चालते झपाट्याने. दोन्ही सॉफ्टवेअर शेजारच्या फोटोंतले समान बिंदू शोधून सांधे ठरवतात. निरभ्र आकाशात आणि यशवंत तलावाच्या पाण्यावर असे बिंदू सापडत नाहीत, किंवा लाटेवर चुकीचे सापडतात. ते हाताने पुसायचे. जोडलेल्या फोटोतले तिपाईचे पाय गिंप या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये झाकता येतात. क्षितिज वाकडे आले तर खांबाच्या किंवा भिंतीच्या उभ्या कडेला रेषा देऊन सरळ करायचे.

धनत्रयोदशीला सुरू होणाऱ्या अस्तंबा डोंगराच्या यात्रेत यातले काही चालत नाही. अंधार, चढ आणि गर्दी. तिपाई उघडायला जागाच नसते. तिथे दोन लेन्सचा, एका दाबात सगळे टिपणारा छोटा कॅमेरा काठीवर लावून न्यावा. रात्री त्याचे फोटो दाणेदार येतात, ते चालवून घ्यावे.

तंत्राइतकीच महत्त्वाची गोष्ट माणसांची. कॅमेऱ्याच्या पाठीमागे उभा असलेला माणूस निर्धास्त असतो, आपण फोटोत नाही असे समजतो. गोल फोटोत तोही येतो, अंगणात नहाणारे मूल आणि दारातली बाईही येते. पाड्यावर तिपाई उघडण्याआधी हे नीट सांगून विचारावे, आधीचा एखादा गोल फोटो मोबाइलवर फिरवून दाखवावा. कोणी नको म्हटले तर तिपाई मिटावी. हो म्हटले तर जोडलेला फोटो नकाशावर चढवण्याआधी त्या अंगणात नेऊन दाखवावा.