मधातील आर्द्रता-नियंत्रण आणि मधाची गुणवत्ता

प्रस्तावना :
महाबळेश्वर परिसरात सातेरी मधमाश्यांचे पालन हा अनेक कुटुंबांचा पूरक व्यवसाय आहे. याच परिसरातील मांघर हे 2022 मध्ये 'मधाचे गाव' म्हणून घोषित झाले. दमट हवेत मात्र मधातील पाण्याचे प्रमाण वाढण्याचा संभव असतो. भारतीय मानकांनुसार हे प्रमाण 20 टक्क्यांहून अधिक नसावे.

आर्द्रतेचे परिणाम :
मधात अतिशर्करेतही तग धरणारे किण्व (यीस्ट) नैसर्गिकरीत्या असतात. आर्द्रता 17 टक्क्यांच्या आत असल्यास त्यांची वाढ होत नाही. 20 टक्क्यांच्या पुढे मध आंबण्याचा धोका मोठा असतो. मध साखरला की ग्लुकोजचे स्फटिक वेगळे होऊन उरलेल्या द्रवातील पाण्याचे प्रमाण वाढते. त्यामुळे साखरलेला मध आंबण्याची शक्यता अधिक असते.

आर्द्रता कमी करण्याच्या पद्धती :
1) पोळ्यातील परिपक्वता : मधमाश्या पंखांनी वारा घालून मकरंदातील पाणी उडवितात व मध पक्व झाल्यावर कोष्ठके मेणाने बंद करतात. चौकटीतील बहुतांश कोष्ठके बंद झाल्यावरच मध काढणे, ही सर्वांत कमी खर्चाची पद्धत होय.
2) कोरडी हवा : बंद खोलीत उथळ थाळ्यांतील मधावरून साधारण 35 ते 40 अंश सेल्सिअस तापमानाची कोरडी हवा खेळविली जाते.
3) निर्वात बाष्पीभवन : कमी दाबाखाली पाणी कमी तापमानास उकळत असल्याने मध फारसा तापवावा लागत नाही.

उघड्या भांड्यात मध दीर्घकाळ तापविल्यास डायस्टेज हे विकर नष्ट होते, सुगंध उडतो व हायड्रॉक्सीमिथाइल फरफ्युरल वाढते. म्हणजेच एक दोष दूर करताना दुसरा निर्माण होतो.

आर्थिक बाजू :
23 टक्के आर्द्रतेच्या 100 किलो मधात 77 किलो घनपदार्थ असतात. आर्द्रता 19 टक्क्यांवर आणल्यास सुमारे 95 किलो मध उरतो. केवळ वजनावर दर ठरल्यास मध पक्व होईपर्यंत थांबणाऱ्या मधपाळाचेच 5 किलोंचे नुकसान होते.

निष्कर्ष :
आर्द्रता-नियंत्रणाचा आरंभ यंत्रापासून नव्हे, तर पोळ्यापासून व्हावयास हवा. त्यासाठी संकलन केंद्रावर रिफ्रॅक्टोमीटरने आर्द्रता मोजून त्यानुसार दर देणे आवश्यक आहे. अन्यथा गुणवत्तेचा भार एकट्या उत्पादकावर पडतो.