नाकाचे ऑपरेशन पुन्हा का करावे लागते?

"अहो, नाकाचे ऑपरेशन केले. दोन वर्षे बरी गेली. आता नाक पुन्हा चोंदते. डॉक्टर म्हणतात, पुन्हा ऑपरेशन करा. मग पहिल्याचा उपयोग काय?" असे काही रोगी विचारतात.

प्रश्न रास्त आहे. घामाचा पैसा खर्च झालेला असतो. म्हणून हे नीट समजून घेऊ.

आपल्या नाकाच्या आसपास हाडांत पोकळ्या असतात. काही गालांत, काही कपाळात, काही डोळ्यांच्या मधे, तर काही नाकाच्या पार मागे. त्यांना सायनस म्हणतात. त्यांच्या आतल्या अस्तराला चिकट पाणी सुटते. अस्तरावर डोळ्यांना न दिसणारी बारीक लव असते. ही लव सारखी हलते आणि ते पाणी लहानशा भोकातून नाकात लोटते.

अस्तर सुजले की भोक बुजते. पाणी तुंबते, त्याचा पू होतो. डोके जड होते, गाल ठणकतो, वास येईनासा होतो. कोणाच्या नाकात मऊ मांसही वाढते. औषधाने गुण आला नाही, तर डॉक्टर ऑपरेशन करून वाट मोकळी करतात.

शेतातला तुंबलेला चर आपण उपसतो. पाणी वाहू लागते. पण वरून गाळ येतच राहिला तर? चर पुन्हा बुजतो. नाकाचेही तसेच आहे. वाट मोकळी झाली, तरी सूज आणणारे कारण अंगात राहू शकते.

ही कारणे कोणती? कोणाला दमा असतो. कोणाला धुळीचे किंवा बुरशीचे वावडे असते. अशांच्या नाकातले मांस हरळीसारखे पुन्हा वाढते. कोणाची वरची दाढ किडते आणि तिचा पू गालाच्या पोकळीत उतरतो. कधी जखम भरताना आतल्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात. कधी एखादी पोकळी उघडायची राहून जाते.

आणखी एक गंमत पाहा. पूर्वी गालाच्या पोकळीला खालच्या बाजूने नवे भोक पाडीत. पाणी उताराने वाहील, असे वाटे. पण लव पाणी वरच्या जुन्या भोकाकडेच लोटत राही! ऑस्ट्रियातील डॉक्टर मेसरक्लिंगर यांनी नाकात दुर्बीण घालून अशा गोष्टी बारकाईने पाहिल्या. १९७८ साली त्यांचे पुस्तक निघाले. आता डॉक्टर बहुधा दुर्बिणीतून मूळचे भोकच मोठे करतात.

दुसरे ऑपरेशन अधिक जपून करावे लागते. डोळा आणि मेंदू पातळ हाडापलीकडेच असतात. पहिल्या ऑपरेशनात आतल्या काही खुणा गेलेल्या असतात. म्हणून आधी सीटी स्कॅन काढतात.

तेव्हा ऑपरेशन झाले म्हणजे काम संपले, असे समजू नये. डॉक्टर सांगतील तसे मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. पाणी उकळून निववलेलेच घ्यावे. नाकात मारायचा फवारा बरे वाटले म्हणून आपणहून बंद करू नये. विडी सोडावी. धुरात बसू नये. बोलावतील तेव्हा तपासून घ्यावे.

डोळ्याभोवती सूज आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा नाकातून नितळ पाणी ठिबकू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

एवढे करूनही कोणाला पुन्हा ऑपरेशन लागेल. पण पुष्कळांचे टळेल. चर उपसला, तरी त्याची राखण करावीच लागते.