इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचा आवाज : कसा सजवावा, कसा जपावा

शाळेच्या प्रार्थनेत, भजनी मंडळात, गणेशोत्सवाच्या कार्यक्रमात आता पुष्कळ ठिकाणी हातपेटीच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड येऊन बसला आहे. वाद्य एक, पण बटणे शेपन्नास! संध्याकाळी कोणी काहीतरी दाबून जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला मुलांचा सूरच लागत नाही. गुरुजी बटणे शोधत राहतात आणि चिमुकले गळे भलत्याच पट्टीत ताणले जातात. यात दोष मुलांचा नाही, वाद्याचाही नाही. आवाज कसा घडतो आणि तो कसा जपून ठेवायचा, एवढे समजले की ही अडचण सुटते.

प्रथम घडण पाहू. आपल्या संगीत नाटकांना साथ करणारा ऑर्गन पायाच्या भात्याने वाजे. हवेने धातूच्या पत्त्या थरथरत आणि सूर निघे. अमेरिकेतील लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली विजेचा ऑर्गन बाजारात आणला. त्यात हवा नाही, पत्त्याही नाहीत. पोलादाच्या लहान लहान दातेरी चकत्या चुंबकासमोर फिरतात, त्यामुळे तारेच्या वेटोळ्यात विजेची लहर उठते आणि तीच कर्ण्यातून सूर होऊन ऐकू येते. दात जितके भराभर पुढून जातील तितका सूर चढा.

पण गंमत पुढेच आहे. हॅमंड ऑर्गनवर पुढेमागे सरकणाऱ्या नऊ दांड्यांचा संच असतो. समजा, तुम्ही मध्य सप्तकातला सा दाबला. पहिली दांडी त्यात मंद्र सा मिसळते, दुसरी मध्य पंचम, तिसरी खुद्द मध्य सा, चौथी तार सा, पाचवी तार पंचम. पुढच्या चार त्याहून वरचे सा, गंधार, पंचम आणि पुन्हा सा मिसळतात. गंधार कुठून आला, असे तुम्ही विचाराल. अहो, उत्तम जुळलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो ना, त्याच घराण्यातला हा! निसर्गात कोणताही सूर एकटा नसतो. त्याच्या पोटात वरचे सूर दडलेले असतात. त्यांचे प्रमाण बदलले की आवाजाचा रंग बदलतो. बासरी आणि सनई एकाच सुरात वाजल्या तरी निराळ्या ओळखू येतात, त्याचे मोठे कारण हेच.

प्रत्येक दांडीवर ० ते ८ असे आकडे असतात. पहिल्या तीन पूर्ण ओढल्या आणि बाकीच्या आत ठेवल्या, तर आवाज झाला ८८८ ००० ०००. तिसरी पूर्ण आणि चौथी निम्मी, तर ००८ ४०० ०००. हा साधा, स्वच्छ आवाज गाण्याच्या साथीला बरा. म्हणजे बघा, सबंध आवाज नऊ आकड्यांत वहीत उतरला! ऑर्गनवरचा आवाज जतन करण्याची ही सर्वांत साधी रीत, आणि ती आजही चालते.

आता सजावट, म्हणजे ज्यांना ‘इफेक्ट’ म्हणतात ते. पहिला ‘रिव्हर्ब’, आपल्या भाषेत घुमारा. दगडी देवळाच्या गाभाऱ्यात ओंकार म्हटला की तो भिंतींवर आपटून मागे रेंगाळतो. वाद्य तोच भास निर्माण करते. दुसरा फिरत्या कर्ण्याचा. डोनाल्ड लेस्ली या गृहस्थांनी १९४० च्या सुमारास कर्णाच फिरता ठेवला. आगगाडी शिटी देत जवळ येते तेव्हा शिटी चढी वाटते, दूर जाताना उतरते. कर्णा फिरताना असाच सूर किंचित चढतो-उतरतो आणि आवाजाला डोल येतो. संथ गतीत मिनिटाला चाळीस-पन्नास फेरे, जलद गतीत चारशेच्या आसपास. आजच्या कीबोर्डात काहीच फिरत नाही. हा डोल गणिताने घडवतात.

इफेक्ट हे मिठासारखे. शाळेचे सभागृह पत्र्याचे आणि रिकामे असेल तर तिथे मुळातच घुमते. वाद्याचा घुमारा बंदच ठेवा. कसोटी एकच : शेवटच्या रांगेतल्या मुलाला प्रार्थनेचे शब्द स्पष्ट ऐकू आले पाहिजेत.

आवाज मनासारखा जमला, की तो जपायचा. १९७८ साली अमेरिकेत निघालेल्या ‘प्रॉफेट-५’ या वाद्याने चाळीस आवाज बटणाच्या एका दाबात परत आणून दाखवले, आणि ही सोय हळूहळू लहान कीबोर्डांतही आली. तिला बहुधा ‘रजिस्ट्रेशन’ किंवा ‘मेमरी’ असे नाव असते. पुष्कळ कीबोर्डांवर ‘मेमरी’चे बटण दाबून धरायचे आणि १, २, ३ यांपैकी एक क्रमांक दाबायचा, की झालं. पुढे नुसता क्रमांक दाबला की मांडणी परत येते.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. जतन होतो तो प्रत्यक्ष आवाज नव्हे, आवाजाची कृती. पुरणपोळी डब्यात ठेवणे वेगळे आणि तिची कृती वहीत लिहिणे वेगळे. कोणता आवाज, घुमारा किती, लय किती, पट्टी किती सरकवली, एवढेच वाद्य टिपून ठेवते. म्हणून चुकीची पट्टी जतन केलीत तर ती चूकही इमानाने परत येईल! ‘ट्रान्सपोज’ एकाने वर असेल तर बोटे पांढरी एकच्या सा वर आणि सूर मात्र काळी एकचा, असे होते. तेव्हा आधी मुलांना गाऊ द्या, त्यांच्या गळ्याला सोसेल ती पट्टी ठरवा आणि मगच जतनाचे बटण दाबा.

आणखी दोन सूचना. जतन न केलेली मांडणी वीज गेली की बहुधा पुसली जाते. आणि भरलेल्या क्रमांकावर पुन्हा जतन केले की जुनी मांडणी जाते. म्हणून वाद्याच्या पेटीत एक लहान वही ठेवा. क्रमांक १ : प्रार्थना, लहान मुले. क्रमांक २ : समूहगीत, मोठी मुले. पुढे आवाजाचे नाव, पट्टी, लय आणि घुमारा. गुरुजी बदलले, वाद्य बदलले, तरी वही पाहून कोणालाही तीच मांडणी पुन्हा लावता येईल, आणि सकाळच्या प्रार्थनेला मुलांचा सूर पहिल्याच ओळीला लागेल.