पुस्तकाशेजारचं टेबल

कुळगी हे कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पातलं गाव. धनेश पक्षी इथल्या मुलांना पुस्तकाआधी झाडावर दिसतो. शाळेच्या वाचनालयात प्राण्यांची पुस्तकं मांडायची, तर शेजारी हाताने करून बघायचं एक टेबल हवंच. त्यावर रानातून वेचलेली पिसं मात्र नकोत. अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलायला कायद्याची मनाई आहे. त्यापेक्षा अंगणातल्या कुत्र्या-मांजराच्या पावलांचे प्लास्टरमधले ठसे घ्या. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजराच्या सहसा नाहीत. मग वाघाच्या ठशाचं चित्र कुणाशी जुळतं, ते मुलंच शोधतील. एका टेबलाशी चार-पाच जण पुरेत (जास्त झाले की ढकलाढकलीच शिकतात). अशीच गटात, कृतीतून शिकवणारी ‘नली-कली’ पद्धत कर्नाटकात १९९५ मध्ये हेग्गडदेवनकोटे तालुक्यात सुरू झाली. पुस्तक टेबलावर वाघाच्या ठशाच्या पानाशी उघडं ठेवा.